छंद कुणाचा, वेठ कुणाची? : दोरीच्या एका गाठीचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. कळंब तालुक्यातल्या एका गावात आम्ही मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. तिथे येणारी आठवीतली एक मुलगी मोबाईल घेऊन आमच्याकडे आली. पांढऱ्या सुती दोरीला गाठी मारून केलेली, कुंडी टांगून ठेवायची एक सुंदर वस्तू त्यात दिसत होती. घरबसल्या करण्यासारखा छंद म्हणून कुणीतरी ती दाखवली होती. मुलीला ते शिकायचे होते. तालुक्याच्या गावी एका शाळेत सुट्टीतला हस्तकला वर्ग निघाला होता, पण त्याला फी होती. तिने घरी पैसे मागितले आणि घरात भांडण पेटले.

मुलगी मातंग समाजाची. तिच्या आजोबांनी उभे आयुष्य दोर वळण्यात घातलेले. ते म्हणाले, "आगं, ह्या वळण्यातून सुटावं म्हणून तर तुला साळंत घातली. आता पैसे देऊन दोर वळायला शिकतीस व्हय?" मुलगी म्हणाली, "आबा, ते दोर नाही, मॅक्रमे आहे." आबांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "ह्याला शिंकं म्हणत्यात. असली दोन शिंकी दिली की पसाभर जवारी पदरात पडायची. ती बी वरून."

वरून म्हणजे हात लागू न देता. त्या दिवशी आबांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि मुलीलाही नव्हते. मुलीला छंद हवा होता, त्यात चूक काय? आबांना तो नको होता, त्यात तरी चूक काय? एकच गाठ, एकच पीळ. एका घरात तो छंद ठरतो आणि दुसऱ्या घरात वेठ. हे कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर गोड बोलून मिळणार नाही, इतिहासात जाऊन शोधावे लागेल. आणि आपला धाराशिव जिल्हा हा त्या इतिहासाचा फार मोठा साक्षीदार आहे.

आधी छंद म्हणजे काय ते ठरवू. आमच्या मते कोणतेही काम छंद होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, फुरसत. पोटाच्या कामानंतर स्वतःचा म्हणून उरणारा वेळ. दुसरी, नकाराचा अधिकार. आज मन नाही, करणार नाही, असे म्हणता आले पाहिजे. तिसरी, नाव. केलेल्या वस्तूवर करणाऱ्याचे नाव लागले पाहिजे आणि त्या नावाने त्याची मान वर झाली पाहिजे. या तिन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांकडून कशा काढून घेतल्या गेल्या, हाच हस्तकलेचा खरा इतिहास आहे.

तेरची माती काय सांगते?

तेरणा नदीच्या काठावरचे तेर आपल्यापैकी अनेकांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे. त्याआधी हजार-बाराशे वर्षे हे गाव 'तगर' म्हणून रोमन जगाला माहीत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात पैठण आणि तगर या दोन शहरांची नोंद आहे. तगर पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर असून तिथून साधे कापड, तलम कापड असा माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जातो, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच आपले तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली पटवून दिली.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून जे निघाले ते पाहायचे असेल तर गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जा. भाजक्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेरची मूर्ती तिच्या अगदी जवळची आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कारागिरांच्या हातांची नाळ समुद्रापलीकडच्या जगाशी जुळलेली होती. तेर उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. कारागीर, व्यापारी आणि धम्म हे तिन्ही या गावात शेजारी नांदत होते.

आता कुणी म्हणेल, कारागीर होते ते ठीक, पण त्यांना मान होता कशावरून? त्यासाठी महाराष्ट्रातल्या लेण्यांचे शिलालेख वाचावे लागतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केल्याचा लेख आहे. कान्हेरीला कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराचे दान कोरलेले आहे. जुन्नरच्या लेखात वासकारांच्या म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाची रक्कम ठेव म्हणून दिल्याचा उल्लेख येतो. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार आणि दुसरीकडे एक हजार कार्षापण कायमची ठेव ठेवली. पहिलीवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर शेकडा पाऊण व्याज ठरले आणि त्यातून भिक्खूंची चीवरे आणि इतर खर्च भागायचा होता. विचार करा, राजाचा जावई विणकरांकडे पैसे ठेवतो आणि बांबू सोलणाऱ्यांच्या संघटनेला त्या काळात बँकेसारखी पत आहे! आज बुरुड समाजाच्या माणसाला बँकेच्या दारात किती वेळ उभे केले जाते, हे आम्ही रोज पाहतो.

याहून बोलका लेख आंध्र प्रदेशातल्या अमरावती स्तूपावर आहे. विधिक नावाच्या चर्मकाराने आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली आणि नातेवाइकांसह दिलेल्या दानाची ती नोंद आहे. त्यात त्याच्या वडिलांना उपाध्याय, म्हणजे शिक्षक, म्हटले आहे. शिक्षकाचा मुलगा चर्मकार आणि त्या चर्मकाराचे नाव पवित्र स्तूपाच्या दगडावर! ज्या देशात पुढे चर्मकाराची सावलीही विटाळ ठरली, त्याच देशातला हा दगड आहे.

तो काळ म्हणजे स्वर्ग होता, असे आम्ही म्हणणार नाही. खोटा अभिमान हा आपल्या चळवळीचा मार्ग नाही. त्या काळातही समाज काही कामांना हीन मानत होता आणि खुद्द विनयपिटकात त्याचा पुरावा आहे. बुरुडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम, न्हावीकाम यांना लोक हलके शिल्प समजतात, अशी नोंद तिथे येते. पण ती नोंद कशासाठी आली आहे? जातीवरून, नावावरून किंवा शिल्पावरून भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला टोचून बोलणे हा अपराध आहे, हा नियम सांगण्यासाठी. बाहेरचा समाज ज्या कामावरून माणसाला हिणवत होता, त्या कामावरून हिणवण्यालाच संघाने दोष ठरवले. न्हावी असलेला उपाली संघात आला आणि विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार मानला गेला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो आपल्यालाच लागू करायचा आहे.

हात जन्माला बांधले कसे?

नंतरच्या शतकांत धम्म मागे हटला, दूरचा व्यापार आटला, श्रेणी मोडल्या आणि गावगाडा घट्ट झाला. कारागीर शहरातल्या संघटनेचा सभासद उरला नाही, तो गावाचा बलुतेदार झाला. वरवर पाहता ही व्यवस्था नीटनेटकी दिसते. सुताराने औत भरावे, कुंभाराने मडकी द्यावीत, चांभाराने वहाणा शिवाव्यात, मांगाने दोर वळावेत आणि सुगीला प्रत्येकाने खळ्यावरून आपला वाटा न्यावा. शाळेच्या पुस्तकांत आणि जुन्या आठवणींत याचे फार गोडवे गायले जातात. परंतु वाटा किती, हे कोण ठरवायचे? ज्याचे खळे, तो. माल पसंत नाही म्हणून वाटा कमी कोण करायचे? तोच. आणि काम नको म्हणायची सोय कुणाला होती? कुणालाच नाही, आणि सर्वांत खालच्याला तर मुळीच नाही.

दोराचेच बघा. अंबाडीची ताटे किंवा केकताडाची पाने पाण्यात कुजवायची. त्या पाण्याची घाण वास्तीभर सुटते आणि केकताडाच्या रसाने अंगाची आग होते. मग ठेचून, धुऊन, वाळवून वाख काढायचा आणि पेड करून पीळ देत देत उलट्या पावलांनी मागे जायचे. दावे, कासरा, म्होरकी, मोटेचा नाडा, शिंके, गोफण असे शेतीचे पानही ज्याच्यावाचून हलत नव्हते, ते सगळे या हातांतून निघत होते. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर चढायचा, त्या बैलाची गावातून मिरवणूक निघायची आणि दोर वळणारा वेशीबाहेरच राहायचा.

केरसुणीचेही तसेच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहतात, कारण ती लक्ष्मी. ती लक्ष्मी शिंदीच्या पानांतून घडवणारी बाई मात्र उंबऱ्याच्या आत येऊ शकत नव्हती. वस्तू पवित्र आणि ती करणारे हात अपवित्र, हे ब्राह्मणी व्यवस्थेचे सर्वांत मोठे कसब आहे. या कसबापुढे जगातल्या सगळ्या हस्तकला फिक्या आहेत.

संतपरंपरेने हे बंधन तोडले का? तेरच्या गोरोबाकाकांना संतमंडळींनी वडीलकीचा मान दिला. थापटण्याने मडके पारखावे तशी त्यांनी नामदेवांची पारख केल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कुंभाराच्या अवजाराला ज्ञानाची कसोटी बनवणारी ही कथा मोठीच आहे. पण गोरोबाकाका कुंभारच राहिले. आणि चोखोबा? देवाच्या भक्तीत आयुष्य गेलेला हा माणूस मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून तिच्याखाली गेला, असे परंपरा सांगते. अभंग अमर झाले, पण वेठ सुटली नाही. मनाने मुक्त झालेल्या माणसाचे हात व्यवस्थेने मोकळे केले नाहीत.

पुढे निजामाच्या राज्यात, १९२० साली, सय्यद सिराज उल हसन यांचा हैदराबाद संस्थानातील जाती-जमातींवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जात आणि तिच्यापुढे तिचा धंदा, अशी मांडणी सरकारी पातळीवर छापून पक्की झाली. ज्याला नकार देता येत नव्हता, त्याचे काम आता त्याचा स्वभाव म्हणून कागदावर आले.

कसबे तडवळे, १९४१

आपल्या जिल्ह्याला या अंधारात एक तारीख लाभली आहे आणि ती प्रत्येक तरुणाला पाठ असली पाहिजे. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तिथे आले. परिषदेचे नावच नीट वाचा. एकट्या महारांची नाही, एकट्या मांगांची नाही. दोन्ही वतनदारांची मिळून. ज्या गावगाड्याने महार आणि मांग यांना पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या विरुद्ध उभे केले, कुणाचे पाणी वर आणि कुणाचे खाली यावर झुंजवत ठेवले, त्या गावगाड्याच्या मुळावरच, म्हणजे वतनावर, विचार करायला दोघे एका मांडवात बसले.

वतन हा शब्द ऐकायला मानाचा वाटतो. खरे पाहिले तर तुटपुंज्या जमिनीच्या आणि खळ्यावरच्या वाट्याच्या बदल्यात पिढीजात राबण्याचा तो करार होता. करारावर बापाचाही अंगठा नाही आणि मुलाचाही नाही. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले होते. आणि १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी गांधींसह सर्व समर्थकांना निरुत्तर करणारा मुद्दा मांडला की, जातिव्यवस्था ही केवळ कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, आणि त्या माणसांना तिने वरखाली लावले आहे. कामाची निवड आवडीने किंवा कुवतीने होत नाही, ती जन्माने होते. जिथे आवडच विचारली जात नाही, तिथे छंद कुठून येणार?

बाबासाहेब इथेच थांबले नाहीत. १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यात चरखा आणि ग्रामोद्योगाच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी कठोर टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस आणि पशू यांच्यातला फरक संस्कृतीचा आहे, संस्कृतीसाठी फुरसत लागते आणि गरिबाला फुरसत यंत्रच मिळवून देऊ शकते. यंत्र नाकारून हाताकडे परत चला, असे सांगणारा माणूस गरिबाची फुरसतच हिरावतो. पुढच्याच वर्षी, १९४६ साली, व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खाते सांभाळताना त्यांनी कारखाना कायद्यातील दुरुस्ती आणली आणि आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. या सहा तासांकडे आम्ही छंदाचा पाया म्हणून पाहतो. आणि खुद्द बाबासाहेब? कामाच्या डोंगराखाली असताना, उतारवयात, त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले. जातीने हातात दिलेले वाद्य नव्हे, आपल्या आवडीने निवडलेले. फुरसत, निवड आणि नाव या तिन्ही गोष्टी एका कृतीत आल्या.

आता एक कडू गोष्ट आपल्याच घरातली. आम्ही पूर्वाश्रमीच्या महार समाजातले बौद्ध आहोत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मेलेली जनावरे ओढणे, येसकरकी, बलुत्याची भाकर हे सगळे आपण सोडले. त्याची किंमत मारहाणीत आणि बहिष्कारात मोजली आणि त्या त्यागाचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानाखाली दुसरेच काहीतरी वाढले. "ते अजून झाडू वळतात," हे वाक्य आम्ही आपल्याच माणसांच्या तोंडून, बौद्धवाड्यात, ऐकले आहे. मित्रांनो, शिल्पावरून हिणवणे हा विनयाने अपराध ठरवला आहे, हे वर सांगितले. कसबे तडवळ्याच्या मांडवात बाबासाहेबांनी ज्यांना एकत्र बसवले, त्यांच्याविषयी हे बोलताना आपण नेमके कुणाचे अनुयायी असतो?

काम गेले, जात राहिली

दोर वळणे कुणी समाजसुधारणेने थांबवले नाही. विहिरीवर पंप बसला आणि मोटेचा नाडा गेला. ट्रॅक्टर आला आणि कासरा कमी झाला. नायलॉनची दोरी आठवडी बाजारात वजनावर मिळू लागली आणि अंबाडीचे दावे कुणी विचारीना. केरसुणीच्या जागी प्लॅस्टिकचा झाडू आला. आबांसारख्या हजारो कारागिरांचे कसब एका पिढीत बाजाराबाहेर फेकले गेले. पण त्या बदल्यात जमीन आली नाही, भांडवल आले नाही, नोकरी मोजक्यांना मिळाली आणि बाकीचे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. काम गेले, फक्त त्याचा कलंक मागे उरला.

आणि आता तेच काम नव्या नावाने परत येते आहे. गाठींच्या या कामाची परदेशातली गोष्टही पाहण्यासारखी आहे. कापडाच्या कडेचे सुटे धागे गाठींनी बांधण्याची अरब विणकरांची रीत युरोपात गेली, जहाजावरचे खलाशी रिकाम्या वेळेत ती करू लागले आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय बायकांचा तो घरातला छंद झाला. यंत्राने घरात फुरसत आणल्यावर हाताचे काम तिथे आनंदाचे झाले. ते कुणाच्या जन्माला चिकटले नव्हते म्हणून मॅक्रमे करणाऱ्या बाईला कुणी अस्पृश्य म्हटले नाही. आपल्याकडे मात्र मॅक्रमे शिकवणारी 'आर्टिस्ट' आणि शिंके वळणारा 'मांग' असे दोन शब्द तयार आहेत. गाठ तीच, जात बदलली की किंमत बदलते.

कोल्हापुरी चपलेचेही हेच. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात आपल्या शेजारचा सोलापूर जिल्हाही आहे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या. ओरड झाल्यावर त्यांचे मूळ भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. सगळ्यांनी 'महाराष्ट्राचा अभिमान' म्हणून लिहिले. पण तो अभिमान ज्या चर्मकारांच्या हातून घडला, त्यांचे नाव किती लेखांत आले? अभिमान राज्याचा आणि विटाळ मात्र एका समाजाचा, असा हा हिशेब आहे.

सरकारचे काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक धंदे, त्यात टोपली-चटई-झाडू करणारे, चर्मकार, कुंभार, न्हावी, परीट. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज. आज जो हे काम करतो आहे त्याला कर्ज मिळावे, याला आमचा विरोध नाही. ते त्याला पन्नास वर्षांपूर्वीच मिळायला हवे होते. आमचा प्रश्न त्याच्या मुलांविषयी आहे. या योजनेत गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेले कौशल्य बळकट करण्याची भाषा आहे. कुटुंबातून चालत आलेला झाडू पुढच्या पिढीच्या हातात बळकट करायचा आहे काय? तमिळनाडूने हा प्रश्न आधीच ओळखला होता. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी मुलांना अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घरचा धंदा अशी शिक्षणयोजना आणली. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे म्हणून रान उठवले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना मागे घेतली गेली. घरचा धंदा हा शब्द किती निरागस वाटतो! ज्याच्या घरी वकिली आहे त्याला तो वारसा वाटतो. ज्याच्या घरी झाडू आहे त्याला ती जन्मठेप असते.

मग हस्तकला करायची की नाही?

करायची. जरूर करायची. हात हे माणसाचे मोठे ज्ञानसाधन आहे आणि ते ज्ञान शत्रूच्या नावावर सोडून देणे हा शहाणपणा नाही. ज्या कलांसाठी आपल्याला हिणवले गेले, त्या कलांतले हिणवणे नाकारायचे, कला नाकारायची नाही. पण वर सांगितलेल्या तीन अटींवर.

घरी करून पाहण्यासारखे आपल्याकडे भरपूर आहे. बाजारातली सुती दोरी आणा आणि शिंके वळायला शिका. आजीच्या फाटक्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने वाकळ शिवा. त्या वाकळीत कोणते लुगडे कुणाचे, ते कुणाच्या लग्नातले, हे विचारून वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घराचा न लिहिलेला इतिहास हाती लागेल. नदीकाठच्या मातीचे मणी करा आणि ते घेऊन तेरच्या संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्यांशेजारी उभे राहा. बुद्धपौर्णिमेला आणि १४ एप्रिलला बाहेरून आणलेल्या चकचकीत मालाऐवजी हाताने केलेले कंदील आणि पंचशील ध्वज लावा.

मात्र हे करताना चार गोष्टी पाळा. पहिली, अभ्यासाचा वेळ कापून कोणतेही काम मुलाच्या हातात द्यायचे नाही. आधी पुस्तक, मग पीळ. दुसरी, मातंगाच्या मुलाने दोर आणि बुरुडाच्या मुलाने टोपली, अशी वाटणी करायची नाही. बौद्धाच्या मुलाने झाडू बांधावा, मराठ्याच्या मुलीने चामडे शिवावे, मातंगाच्या मुलीने व्हायोलिन वाजवावे. मुलग्यांनी सुई धरावी. तिसरी, जो शिकवतो त्याला मानधन द्यायचे आणि वस्तूवर त्याचे नाव लिहायचे. चौथी, नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्यायचे. आबांनी नकार दिला तेव्हा आम्हाला आधी वाईट वाटले. आता वाटते, त्या घराण्यात दोराला नाही म्हणण्याचा अधिकार बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी बजावला होता. तो अधिकार मुलीच्या छंदाइतकाच मोलाचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत अभ्यासिकेत आम्ही एक छोटा वर्ग घेतला. महिनाभर विनवल्यावर आबा आले. येताना त्यांनी एकच अट घातली होती, "पोरांनी आधी गणितं सोडवायची." बौद्धांची, मातंगांची, मराठ्यांची मिळून सतरा मुले खाली बसली आणि आबा खुर्चीवर. तीन दिवस शिंके वळणे चालले. पहिल्या दिवशी एका बौद्ध मुलाचे वडील त्याला घेऊन जायला आले होते. त्यांच्याशी तासभर बोललो, मुलगा थांबला. शेवटच्या दिवशी मानधनाचे पाकीट आबांच्या हातात ठेवले. त्यांनी ते सर्वांसमोर उघडले, नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "दोराचं मोल आज मोजून घेतलं."

प्रत्येक वस्तीत असे एक-दोन आबा आणि आजी अजून आहेत. त्यांच्यासोबत जाणारे ज्ञान वाचवायचे असेल तर आपल्याला आधी त्यांच्याकडे जाऊन बसावे लागेल, खाली आणि विद्यार्थी म्हणून. बौद्धवाडा आणि मातंगवाडा यांच्यामधला रस्ता बहुतेक गावांत दोनशे पावलांचाही नाही. कसबे तडवळ्याची परिषद होऊन ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. ही दोनशे पावले आपण कधी चालणार आहोत?

जय भीम!